आपल्या खोलीचं तापमान

तुळशीराम,

तुझ्या शनिवारच्या वाचनाला नियम एकच होता. परदेशी अंकातला शोधनिबंध वाचायला जो उभा राहील, त्यानं आधी त्यातलं काय समजलं नाही ते सांगायचं. समजलेलं मागून. एम.एस्सी.ला नव्यानं आलेली पोरं या नियमानं हादरायची. चारचौघांत उभं राहून आपलं अडाणीपण आधी सांगायचं, हे त्यांना कुठल्याच शाळेनं शिकवलेलं नसायचं. तू म्हणायचास, "समजलेलं तर छापेलच हाय रे बाबू, ते आमी बी वाचू. तुले काय नाई समजलं ते फक्त तुलेच ठाऊक हाय. ते सांग."

कॉलेजच्या अंकासाठी तुझ्यावर लिहा, असं पोरांनी मला सांगितलं. तुझं जन्मगाव, शिक्षण, नोकरीची वर्षं ऑफिसात मिळतील, ती त्यांनी तिथून घ्यावीत. मी तुझ्याच नियमानं सुरुवात करतो. मला हे समजलं नाही, की बडनेऱ्याच्या फलाटावर तू मला इतकं साफ सांगितलं होतंस, आणि तरीही मी नेमकं त्याच्या उलट का वागलो.

ते पुढे सांगतो. आधी काल काय झालं ते ऐक. प्राचार्यांनी बोलावलं होतं. म्हणाले, "तुळशीराम गेले, आता शनिवारचं वाचन तुम्ही घेणार असाल तर घ्या. नाहीतर वरची खोली इंटरच्या वर्गाला देऊन टाकतो, त्यांना जागा पुरत नाही." मी सोमवारी सांगतो म्हणालो. बाहेर आलो तर जिन्याच्या तोंडाशी कमल उभी. तुझ्या वर्गातली एकुलती एक मुलगी, जिला तू "आमची भांडखोर" म्हणायचास.

"सर, शनिवारी वाचन आहे ना?"

"बघू," मी म्हणालो.

"बघू म्हणजे नाही का?"

मी जिना उतरलो. नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि हो म्हणायचा हक्क वाटत नव्हता. तुझ्या त्या वरच्या खोलीत मी कित्येक वर्षांत पाय ठेवलेला नाही, हे तिला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे.

आपण दोघं या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो तेव्हाचं आठवतं. तू अकोल्याच्या जुन्या शहरातला, फुलं आणि भाजी विकणाऱ्या घरातला. मी नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. दिवसभर पोरांची चंचुपात्रं मांडायची आणि उरलेल्या वेळात एम.एस्सी.चा अभ्यास करायचा. नवं संशोधन तेव्हा बहुतेक जर्मन भाषेत यायचं. मी जर्मन व्याकरणाचं पुस्तक उघडून धसकाच घेतला होता. तू दोन पानं वाचलीस आणि खदखदून हसलास. "अबे, हे तर आपल्यासारखेच हायेत! सारी गाडी भरते अन बैल शेवटी जुपते. क्रियापद शेवटी! हे इंग्रजीवाल्याले कठीण, आपल्याले काय?" त्यानंतर आपण त्या भाषेला भ्यायलो नाही. आपले उच्चार ऐकून खरा जर्मन माणूस मात्र भ्याला असता.

पहिला निबंध आपण करून पाहायला घेतला तो तेलांवरचा होता. सरकीचं तेल आपल्याकडे हवं तितकं, म्हणून तोच निवडला. तेलातली आम्लं वेगळी काढायची, त्यांच्यावर अल्कोहोलची क्रिया करायची आणि शेवटी ते द्रावण झाकून ठेवायचं. निबंधात लिहिलं होतं: खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवावे, सकाळी पांढरे स्फटिक मिळतात.

मला सकाळी स्फटिक मिळाले नाहीत. फ्लास्कमध्ये पिवळसर पाणी, जसं ठेवलं तसंच. मनात म्हटलं, धुताना कसूर झाली. पुन्हा धुतलं. पुन्हा काही नाही. मग म्हटलं, डिस्टिल करताना घाई केली. पुन्हा केलं. मग सरकी वाईट, मग अल्कोहोलात पाणी, मग माझे हातच वाईट. तू सुटीवरून परत आलास तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि मी बाकावर डोकं धरून बसलो होतो. तू खिशातले फुटाणे चावत आत आलास.

"काहून तोंड पाडून बसला बे?"

"स्फटिक येऊन नाही राहिले. माह्यंच काहीतरी चुकते."

"काय चुकते?"

"तेच तर सापडत नाही. सारं तीनतीनदा केलं."

तू फ्लास्क हातात घेऊन हलवलास. मग सदऱ्याच्या बाहीनं घाम पुसलास आणि भिंतीवरच्या थर्मामीटरपाशी जाऊन उभा राहिलास.

"बेचाळीस," तू म्हणालास. "नाम्या, हा जर्मन बावा कोण्या महिन्यात बसला होता प्रयोगाले?"

"ते थोडंच लिहितीन?"

"मंग तो खोली म्हणते ती कोणती खोली? त्याच्या खोलीबाहीर बर्फ पडून राहिला असन. अन आपली खोली पाय. इथं लोणी ठेवलं तर तेल होते, तुहे स्फटिक कायले येतीन? त्याची खोली अन आपली खोली सारखी हाय का बे, बह्याडा?"

कॉलेजात त्या दिवशी बर्फ मिळणं शक्य नव्हतं. तू फ्लास्कला घट्ट बूच मारलंस, ओल्या पोत्यात गुंडाळलास, बादलीत ठेवलास आणि बागेतल्या विहिरीत अगदी पाण्याला लागेपर्यंत सोडलास. दुसऱ्या दिवशी दोर मी ओढला. बादली वर आली तेव्हा फ्लास्कच्या तळाशी पांढरे चकाकते पापुद्रे होते. फार नव्हते, पण होते. मला वाटलं तू ओरडशील, नाचशील. तू फ्लास्क उजेडात धरलास आणि इतकंच म्हणालास, "पाय. तुही काहीच चूक नव्हती."

तुळशीराम, हे वाक्य मला माझ्या बापानंही कधी ऐकवलं नव्हतं. काही बिघडलं की आधी स्वतःला धरायचं, अशी माझी लहानपणापासूनची खोड. लोक तिला नम्रपणा समजतात. तू एकट्यानं ओळखलंस की तो आळस आहे. चूक माझीच म्हटलं की पुढे शोधायचं काही उरत नाही. तू भिंतीवरचं थर्मामीटर पाहिलंस, आणि माझ्या मनात ते आलंसुद्धा नव्हतं.

तेवढ्यावर तू थांबला नाहीस. तू त्या निबंधाच्या लेखकाला चिठ्ठी लिहिलीस. मी किती अडवलं! म्हटलं, अमरावतीच्या डेमॉन्स्ट्रेटरनं एवढ्या मोठ्या माणसाला विचारायचं तरी काय? तू विचारलंस, आपल्या खोलीचे तापमान कृपया कळवावे. आपण विसरूनही गेलो असताना त्याचं कार्ड आलं. सुमारे पंधरा अंश, असं त्यानं लिहिलं होतं. आणि पुढे, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तू ते कार्ड कुठेही लावलं नाहीस, कुणाला मिरवून दाखवलं नाहीस. दुसऱ्या दिवसापासून फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्या दिवसाचं तापमान लिहायला लागलास, एवढंच. पुढे तुझ्या प्रत्येक वर्गानं तो आकडा लिहिला. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, परीक्षेच्या दिवशीसुद्धा. बाहेरून आलेले परीक्षक विचारायचे, हा आकडा कसला? पोरं सांगायची, ही आमची खोली आहे.

मग युद्ध आलं. जर्मन अंक बंद झाले. इंग्रजी अंक यायचे तेव्हा यायचे. काही बोटींबरोबर समुद्राच्या तळाशी गेले. तेव्हा मी तुला म्हणालो, हे वाचन आता बंद करू. आपलं भांडण त्या दिवशी सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणालो, "आपण नेहमीच मागून वाचतो. इथं अंक येतो, आपल्याला तो समजतो, तोवर ते लोक पुढं निघून गेलेले असतात. हे संशोधन शिकणं नाही, शिळं खाणं आहे."

तू तिथल्या तिथं म्हणालास, "शिळं काय असते ते मले सांगतं? फुलवाल्याच्या घरचा हाओ मी. सकाळचं फूल संध्याकाळी शिळं होते. निबंध काय फूल हाय? आपण जोवर करून पाह्यला नाही, तोवर तो आपल्यासाठी छापलाच नाही."

"आणि केला, तर काय होणार? जग आपली वाट पाहत थांबलंय?"

"जगाचं मले माहीत नाही. ही पोट्टी थांबून हायेत ना वर खोलीत."

मी वर आलो नाही. इंटरच्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहायला बसलो. त्यात सगळं ठरलेलं होतं, कुणी मला कोपऱ्यात गाठून काही विचारणार नव्हतं. तू जुने अंक काढलेस, दहा दहा वर्षांपूर्वीचे, आणि त्यांतले निबंध पोरांकडून असे वाचून घेतलेस जसे आजच्या डाकेनं आलेत. कधी व्हरांड्यात भेटलास की हात जोडायचास, "या पुस्तकवाले साहेब!" आणि हसायचास. ते हसणं मला लागायचं. त्यात टोचणी कमी आणि बोलावणं जास्त होतं, हे आता कळतं. पण तुझ्याशी वाद जिंकता येत नाही म्हणून मी तुझ्या खोलीचा जिना टाळत राहिलो. इतकं साधं कारण होतं. मी मात्र त्याला तत्त्वाचं नाव दिलं होतं.

युद्ध संपल्यावर तुझी तब्येत बिघडली आणि तू घरी अकोल्याला जायला निघालास, तेव्हा मी बडनेऱ्यापर्यंत सोडायला आलो. तुला चार पावलं चाललं की धाप लागत होती. फलाटावर मी तुला ट्रंकेवर बसवलं. गाडी यायची होती. तू रुळांकडे पाहिलंस. मग म्हणालास, "नवे अंक येतीन आता. त्यातला एखादा चांगला निघाला तर मले आणून देजो."

"आणतो की. वाचून आणतो, तुले समजावून सांगीन."

"नाही बे!" तू एवढ्या जोरात म्हणालास की खोकला आला. "पुरा वाचजो नको. अर्धाच वाच अन आण. अर्धा मी वाचीन. मंग भांडू."

मी हो म्हणालो. गाडी आली. खिडकीतून तू पुन्हा बोट दाखवलंस, "अर्धाच!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत विलायतेहून गठ्ठा आला. त्यातला एक निबंध पाहून मी जागच्या जागी थांबलो. फुलांच्या पाकळ्यांचा रंग काढायचा, त्याचा एक थेंब टीपकागदासारख्या कागदाच्या पट्टीवर टेकवायचा आणि पट्टीचं टोक एका द्रवात बुडवून टांगून ठेवायची. द्रव कागदातून सरकत जातो, रंगांना बरोबर ओढतो, आणि एकच वाटणारा रंग वेगवेगळ्या ठिपक्यांत फुटतो. प्रत्येक रंगाचा ठिपका द्रवाच्या मानानं ठरावीक अंतरावर थांबतो. फुलांवरचं इतकं ताजं संशोधन, आणि त्याला लागतं काय, तर कागद, फुलं आणि एक काचेची बरणी! तुझ्यासाठीच कुणी लिहिलं असावं असा तो निबंध होता. मी त्याच संध्याकाळी अंक पिशवीत घालून गाडीत बसायला हवं होतं.

मी बसलो नाही. प्रत्येक ठिपका ठरावीक अंतरावरच का थांबतो, यामागचं गणित मला कळलं नाही. म्हटलं, एवढं समजून घेऊ आणि जाऊ. इतकी वर्षं वाचन सोडलेला मी, तुझ्यासमोर पहिल्यांदा एक निबंध घेऊन जाणार, आणि तू विचारशील ते मला येणार नाही? मला तुला दाखवायचं होतं की मी अजून वाचू शकतो. म्हणून मी वाचत बसलो. आकडेमोड करत बसलो. ते जमलं की जाऊ, जमलं की जाऊ. गणित काही जमलं नाही. आणि मग अकोल्याहून तार आली.

तेरवीला आलो तेव्हा मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो. तुमच्या गल्लीत फुलांच्या टोपल्या नेहमीसारख्याच मांडलेल्या होत्या. जेवणं आटोपल्यावर पार्वतीवहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या.

"भाऊजी, ते रोज विचारत होते. नाम्या आला का म्हणून. मी म्हणो, कामात असतीन. ते म्हणत, काम नाही न् काही नाही, वाचत बसला असन. पुरं समजल्याबिगर येत नाही तो."

"रागावला होता?"

"रागावतीन कायले? हसले. म्हणे, त्याले नवा कागद दिसला की आधी भेव वाटते. गरीब हाय बिचारा."

अंक माझ्या पिशवीत होता. मी का आणला होता कोण जाणे. वहिनींचं लक्ष गेलं. "हेच का ते पुस्तक?" त्यांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. "याच्यात काय लिहेल हाय?"

"फुलांच्या रंगाबद्दल आहे, वहिनी."

त्यांनी दाराबाहेरच्या टोपल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फुलाचं? अन तुमाले त्याच्यात इतके दिवस लागले?"

त्यांनी ते टोमण्यानं म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. मी अंक परत पिशवीत ठेवला. तू अर्धा आण म्हणालास आणि मी तुला पूर्ण द्यायला निघालो, आणि काहीच देऊ शकलो नाही. ज्या माणसानं आयुष्यभर न समजलेलं घेऊन या म्हटलं, त्याच्याकडे मी समजलं नाही म्हणून गेलो नाही. आता सांग, तुझ्या खोलीत मी कोणत्या तोंडानं उभा राहू?

इथवर गुरुवारी लिहून कागद बाजूला ठेवले होते. आज रविवार आहे.

शनिवारी सकाळी फुलबाजारातून जाताना पाय आपोआप थांबले. गुलाब घेतले, जास्वंद घेतली. घरून लोणच्याची रिकामी काचेची बरणी धुऊन घेतली. कॉलेजात गेलो आणि कमलला बोलावलं. "पट्ट्या कापशील?" मी विचारलं. तिनं "वाचन आहे?" असं विचारलं नाही. सरळ कात्री शोधायला गेली.

दुपारी वरच्या खोलीत सगळे जमले. तुझी खुर्ची कुणी हलवली नव्हती, आणि तीत कुणी बसलंही नाही. मी उभा राहिलो. म्हणालो, "या निबंधातलं गणित मला समजलं नाही. ठिपका तिथंच का थांबतो हे मला सांगता येणार नाही. आणि हे न समजलेलं मी वेळेवर तुमच्या सरांकडे घेऊन गेलो नाही, तेही का, हे मला समजलेलं नाही." मग तुझ्या त्या भांडखोर पोरीनं मान हलवली, जणू म्हणाली, ठीक, पुढं चला.

पट्ट्या सकाळपासून बरणीत टांगलेल्या होत्या. त्या काढून वाळवल्या. खरंच ठिपके फुटले होते, तुळशीराम! जास्वंदीचा लाल, गुलाबाचा जांभळट, आणि त्यांच्याखाली काही फिकट डाग ज्यांचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. पोरं एकमेकांना ढकलत पुढं आली. पण फूटपट्टी लावून पाहिलं तर गुलाबाचा ठिपका निबंधात दिलेल्या अंतराच्या बराच वर गेलेला. पुन्हा मोजलं. तेच.

"माझीच चूक," मी म्हणालो. "रंग नीट काढला नसेल. किंवा द्रवाचं प्रमाण..."

कमल फळ्याकडे पाहत होती. "सर," ती म्हणाली, "आज आकडा लिहायचा राहिला."

उजवा कोपरा कोरा होता. तू अकोल्याला गेल्यापासून तो कुणीच लिहिला नव्हता. ती थर्मामीटरपाशी गेली, पाहिलं, आणि खडूनं लिहिलं: एकोणचाळीस. मी निबंधाची तळटीप पाहिली. त्या लोकांनी वीस अंशाला केलं होतं.

मागच्या बाकावरून कुणीतरी तुझ्या सुरात, तुझ्यासारखीच मान तिरकी करून म्हणालं, "त्या साहेबाची खोली अन आपली खोली सारखी हाय का बे?" सगळी खोली हसली. मीही हसलो. मग मला खाली बसावं लागलं. तुझ्या खुर्चीतच बसलो, दुसरी जवळ नव्हती.

मग आम्ही दुसरी पट्टी ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या बरणीत लावली. ती सोमवारी पाहू. प्राचार्यांनाही सोमवारीच सांगायचं आहे, की इंटरच्या वर्गासाठी दुसरी खोली पाहा.

आणि एक. सगळे गेल्यावर त्या गठ्ठ्यातला पुढचा अंक मी उघडला. त्यातला एक निबंध वाचायला घेतला, चांगला निघाला. मध्यावर आलो तेव्हा कमल वह्या गोळा करून जिन्याकडे निघाली होती. मी तिला हाक मारली आणि पान दुमडून अंक तिच्या हातात दिला.

तिनं दुमडलेलं पान पाहिलं. "सर, तुमचा वाचून झाला?"

"नाही," मी म्हणालो. "अर्धाच."